नकाशावरचे अक्षवृत्त नीट कसे वाचावे: टोपोशीटपासून कर्कवृत्ताच्या आराखड्यापर्यंत

"पुण्याचा अक्षांश १८° ५२′ उत्तर." भूगोलाच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासताना हे उत्तर मला दरवर्षी भेटते. मोबाइलवर १८.५२ दिसते, मुले ते जसेच्या तसे वहीत उतरवतात आणि मधल्या टिंबाच्या जागी अंशाची खूण येते. पुणे १८° ३१′ वर आहे. १८° ५२′ वर गेलात तर शहर मागे राहते आणि तुम्ही राजगुरुनगरापाशी पोहोचता, म्हणजे जवळजवळ ३९ किलोमीटर उत्तरेला.

चुका अशाच ठरावीक असतात. कोणी जाळीच्या रेघेला अक्षवृत्त समजतो, कोणी भारताच्या नकाशावर आडवी पट्टी ठेवून अक्षांश वाचतो, तर कोणी कर्कवृत्त भोपाळच्या दक्षिणेने नेतो. यातली एकही चूक अवघड गणितामुळे होत नाही. कामाचा क्रम उलटा होतो, म्हणून होते. पट्टी आधी हातात येते आणि रेघेकडे नजर नंतर जाते. हा लेख अकरावी-बारावीच्या व पदवीच्या प्रात्यक्षिकासाठी, स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी आणि टोपोशीट, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा तपशीलवार स्थलदर्शक नकाशा, घेऊन डोंगरात जाणाऱ्यांसाठी आहे. नकाशा समोर ठेवून वाचा.

शब्दांचा घोळ आधी मिटवू. अक्षांश हे कोनाचे माप आहे, ते अंशात सांगतात. एकाच अक्षांशावरचे सगळे बिंदू जोडले की जे वर्तुळ होते ते अक्षवृत्त. पृथ्वीवर ते नेहमी वर्तुळच असते. कागदावर मात्र ते सरळ रेघ, कंस किंवा पूर्ण वर्तुळ यांपैकी काहीही होऊ शकते.

## तयारी

टोकदार २एच पेन्सिल, मिलिमीटरच्या स्वच्छ खुणा असलेली ३० सेंटिमीटरची पारदर्शक पट्टी, गुण्या, कर्कटक, भिंग, हातभर शिवणाचा दोरा आणि ट्रेसिंग पेपर एवढे जवळ ठेवा. नकाशा सपाट टेबलावर पसरा. घडीची टोपोशीट असेल तर घडीच्या रेषेवरून माप घेऊ नका, तिथे कागद उचललेला असतो.

झेरॉक्स किंवा घरी छापलेली पीडीएफ वापरायलाही हरकत नाही, पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. छापताना "पानात बसवा" हा पर्याय चालू असेल तर १:५०,००० हे प्रमाण कागदावर नुसते लिहिलेले उरते. प्रत्यक्षात नकाशा लहान झालेला असतो. म्हणून या लेखात कुठेही लिखित प्रमाणावरून अक्षांश काढलेला नाही. दोन छापील अक्षवृत्तांमधले अंतर आपण स्वतः मोजायचे आणि त्याच्याशी गुणोत्तर लावायचे. कागद आकसला तर दोन्ही मापे सारखीच आकसतात आणि उत्तर बदलत नाही.

## टप्पा १: कडेचा मजकूर आधी वाचा

नकाशाच्या मधल्या भागाकडे बघण्याआधी समासावर नजर फिरवा आणि चार गोष्टी वहीत टिपा: शीटचा क्रमांक, सर्वेक्षणाचे वर्ष, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत) आणि चारही कोपऱ्यांवरचे अंश-मिनिटे.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकातच अक्षांश दडलेले असतात. ४७ एफ/१५ हे उदाहरण घेऊ. यातला ४७ म्हणजे १६° ते २०° उत्तर आणि ७२° ते ७६° पूर्व हा ४ अंशांचा चौकोन. त्याचे १६ भाग करून त्यांना ए ते पी ही अक्षरे दिली आहेत, प्रत्येक भाग १ अंशाचा. त्या एका अंशाचे पुन्हा १६ भाग करून १ ते १६ क्रमांक दिले आहेत, प्रत्येक भाग १५ मिनिटांचा. १:५०,००० ची एक शीट म्हणजे हा १५ मिनिटांचा तुकडा.

क्रम वायव्य कोपऱ्यातून सुरू होतो आणि वरून खाली जातो, मग उजवीकडच्या पुढच्या स्तंभात पुन्हा वरून खाली. बहुतेक जण पुस्तकाच्या ओळींसारखे डावीकडून उजवीकडे मोजतात. गंमत अशी की एफ हे अक्षर दोन्ही पद्धतींनी एकाच जागी येते: १८° ते १९° उत्तर, ७३° ते ७४° पूर्व. त्यामुळे चूक इथे पकडली जात नाही. ती पुढच्या आकड्यात उघडी पडते. बरोबर मोजले तर १५ क्रमांक चौथ्या स्तंभात वरून तिसरा येतो, म्हणजे १८° १५′ ते १८° ३०′ उत्तर आणि ७३° ४५′ ते ७४° पूर्व. सिंहगड याच शीटमध्ये आहे. आडवे मोजणारा पोहोचतो १८° ००′ ते १८° १५′ वर, वरंध घाटाच्या परिसरात.

तपासा: क्रमांकावरून काढलेले अक्षांश शीटच्या कोपऱ्यांवर छापलेल्या आकड्यांशी जुळले पाहिजेत. न जुळल्यास पुढे जाऊ नका. नव्या मालिकेच्या शीटचे क्रमांक वेगळ्या पद्धतीचे असतात. त्यांना ही रीत लावू नका, सरळ कोपरे वाचा.

## टप्पा २: कोणती रेघ अक्षवृत्ताची हे ठरवा

टोपोशीटवर आडव्या रेघा दोन प्रकारच्या असू शकतात. एक अक्षवृत्तांच्या, म्हणजे वृत्तजाळीतल्या. दुसऱ्या किलोमीटरच्या चौकोनी जाळीतल्या, ज्यांना प्रात्यक्षिकात नॉर्दिंग म्हणतात. नवख्या माणसाचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो, कारण जाळीच्या रेघा संख्येने जास्त, जवळजवळ आणि ठळक असतात. डोळा आधी त्यांच्यावरच जातो.

ओळखायच्या खुणा अशा:

१. आकड्याला अंश-मिनिटांची खूण आहे का ते बघा. १८° २०′ असे लिहिले असेल तर ते अक्षवृत्त. नुसता दोन अंकी आकडा, किंवा त्यातले दोन अंक मोठे आणि बाकीचे बारीक असतील तर ती जाळी. नव्या शीटवर पुण्याजवळ २०४८ च्या आसपासचे आकडे दिसतील. ते विषुववृत्तापासूनचे जाळीतले किलोमीटर आहेत, अंश नाहीत.

२. अंतर मोजा. जाळीच्या रेघा ठरावीक किलोमीटरवर असतात. १:५०,००० च्या शीटवर अक्षवृत्ते दर ५ मिनिटांनी असतात आणि आपल्या भागात अशा दोन अक्षवृत्तांत साधारण १८.४ सेंटिमीटरची जागा असते.

३. जाळीची आडवी रेघ शीटच्या खालच्या कडेला समांतर आहे का ते बघा. पुण्याच्या शीटवर नव्या मालिकेतली जाळी अक्षवृत्ताशी अंशाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी तिरकी असते. शीटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती साधारण ३ मिलिमीटर सरकते. भिंगातून हे सहज दिसते.

सावधान: तालुक्याच्या, जिल्ह्याच्या किंवा वनविभागाच्या सरळ धावणाऱ्या हद्दीच्या खुणांनाही अक्षवृत्त समजू नका. आपल्याकडच्या हद्दी नदी, डोंगरधार आणि शिवार बघून गेलेल्या आहेत.

खरी अक्षवृत्ते सापडली की त्यांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने फिकी खूण करा आणि बाजूला अंश-मिनिटे लिहा. पुढचे सगळे काम फक्त या रेघांवरून करायचे.

## टप्पा ३: रेघेचा आकार ओळखा, मगच पट्टी लावा

हा टप्पा लोक पूर्ण गाळतात, म्हणून इथे थोडे थांबू.

मोठ्या प्रमाणाच्या टोपोशीटवर अक्षवृत्त सरळ धरले तरी चालते. काटेकोरपणे तेही वक्र असते, पण १५ मिनिटांच्या रुंदीत मधला झोल मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा, पेन्सिलीच्या रेघेहून बारीक. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकातल्या नकाशातही झोल फारसा जाणवत नाही. दोन्ही कडांच्या मानाने मधला भाग जमिनीवर पाचेक किलोमीटर खाली येतो, आणि तेवढे पानावर डोळ्याला दिसत नाही. त्यामुळे सरळ पट्टी लावायची सवय लागते आणि तीच सवय घेऊन माणूस भारताच्या भिंतीवरच्या नकाशासमोर उभा राहतो.

तो नकाशा बहुधा शंकू प्रक्षेपणावर असतो. त्यात अक्षवृत्ते कंसाकृती असतात: दोन्ही टोके वर उचललेली, मधला भाग खाली. दोरा घ्या. २०° च्या कंसाची डावी आणि उजवी टोके दोऱ्याने ताणून जोडा आणि मध्ये किती फट पडते ते बघा. एकदा ही फट डोळ्यांनी पाहिली की आडवी पट्टी परत लावावीशी वाटत नाही.

या फटीची किंमत किती ते नागपूरवरून कळेल. मध्य रेखावृत्त ८०° पूर्व आणि डावी कड ६८° च्या जवळ असलेला नकाशा धरा. डाव्या कडेवरच्या आकड्यावरून आडवी पट्टी सरकवत नागपूरपर्यंत नेली तर वाचन सुमारे अर्धा अंश कमी येते. नागपूर २१° ०९′ वर आहे. या पद्धतीने ते २०° ४०′ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ वर्ध्याच्या अक्षांशावर जाऊन बसते. नागपूर मध्य रेखावृत्ताला अगदी लागून असल्यामुळे चूक इथे सगळ्यात मोठी. कडेच्या जवळच्या गावांना ती कमी होत जाते, म्हणून दोन-चार ठिकाणी उत्तर बरोबर येते आणि माणूस निर्धास्त होतो.

बाकीच्या प्रक्षेपणांत काय दिसते ते थोडक्यात:

मर्केटर. अक्षवृत्ते सरळ आणि आडवी, पण ध्रुवाकडे जाताना त्यांच्यातले अंतर वाढत जाते. ०° ते १०° मधली जागा १.७५ सेंटिमीटर असेल तर ६०° ते ७०° मधली जागा जवळजवळ ४.२ सेंटिमीटर होते. मोबाइलवरचे बहुतेक सपाट ऑनलाइन नकाशे याच घराण्यातले. ध्रुव यात बसतच नाही, म्हणून ते नकाशे ८५° च्या थोडे पुढे कापलेले असतात.

समक्षेत्र दंडगोल. इथेही सरळ आणि आडवी, पण अंतर ध्रुवाकडे कमी होते. ३०° चे अक्षवृत्त विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या बरोबर मधोमध पडते. परीक्षेत हा आलेख ओळखायची ही सर्वांत सोपी खूण आहे.

ध्रुवीय खमध्य. अक्षवृत्ते एककेंद्री वर्तुळे, ध्रुव मध्यभागी. इथे "वर" म्हणजे उत्तर हे विसरा. उत्तर ध्रुवाच्या नकाशात उत्तर म्हणजे केंद्राकडे.

बहुशंकू. प्रत्येक अक्षवृत्ताच्या कंसाचे केंद्र वेगळे, म्हणून कंस एककेंद्री नसतात आणि कडेला त्यांच्यातली जागा वाढते. जुन्या टोपोशीट याच पद्धतीवरच्या.

तपासा: कोणताही नकाशा हातात आला की लागोपाठच्या अक्षवृत्तांमधली तीन अंतरे मोजा. सारखी आहेत, वाढतात की कमी होतात? रेघ सरळ की वक्र? या दोन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहिल्याशिवाय टप्पा ४ सुरू करू नका.

## टप्पा ४: बिंदूचा अक्षांश काढा

उदाहरण ४७ एफ/१५ वरच्या सिंहगडाचे. गड या शीटच्या अगदी पश्चिम कडेजवळ येतो, त्यामुळे कडेवरचे आकडे हाताशी असतात. माथ्यावरचा एकच बिंदू निवडा आणि त्यावर बारीक टिंब द्या. "गड" हे छापील अक्षर मोजू नका. नाव सोयीच्या मोकळ्या जागेत छापलेले असते, ते जागेवर असेलच असे नाही.

१. बिंदूच्या लगेच खालचे आणि लगेच वरचे अक्षवृत्त शोधा. इथे १८° २०′ आणि १८° २५′.

२. बिंदूतून जाणारी उभी दिशा ठरवा. ही दिशा कागदाच्या कडेची नाही, जवळच्या रेखावृत्ताची. गुण्याची एक बाजू अक्षवृत्तावर ठेवून काटकोनात माप घ्या.

३. खालच्या अक्षवृत्तापासून वरच्या अक्षवृत्तापर्यंतचे पूर्ण अंतर मोजा. समजा १८४ मिलिमीटर आले.

४. खालच्या अक्षवृत्तापासून बिंदूपर्यंतचे अंतर मोजा. समजा ७३ मिलिमीटर.

५. गुणोत्तर लावा: ७३ ÷ १८४ × ५ = १.९८ मिनिटे.

६. पूर्णांकानंतरच्या भागाला ६० ने गुणा: ०.९८ × ६० = ५९ सेकंद. म्हणजे १ मिनिट ५९ सेकंद.

७. खालच्या अक्षवृत्तात मिळवा: १८° २१′ ५९″ उत्तर.

तपासा: आता वरच्या अक्षवृत्तापासून खाली मोजा. १११ मिलिमीटर यायला हवे, कारण ७३ + १११ = १८४. बेरीज एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त चुकली तर पट्टी तिरकी धरली होती. पुन्हा मोजा.

शीटवर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर, अक्षांशात सुमारे १.६ सेकंद. तेव्हा अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाले की एक सेकंद गेलाच. १८° २१′ ५९″ आणि १८° २२′ यांत भांडण्यासारखे काही नाही. सेकंदाच्या पुढे दशांश लिहिणारे उत्तर मी बरोबर धरत नाही, कारण तेवढी बारकाई त्या कागदात नाहीच.

आता झेरॉक्सचे उदाहरण बघा. लहान झालेल्या प्रतीवर पूर्ण अंतर १७१ आले आणि बिंदूचे ६८. ६८ ÷ १७१ × ५ = १.९९, पुन्हा १ मिनिट ५९ सेकंद. हेच पाठ केलेल्या १८४ ने भागले असते तर उत्तर ८ सेकंदांनी चुकले असते, म्हणजे गड जमिनीवर अडीचशे मीटर दक्षिणेला सरकला असता.

सावधान, चार नेहमीच्या चुका:

रेखांशाची जागा अक्षांशाला वापरणे. ५ मिनिटांचा चौकोन चौरस नसतो. सिंहगडाच्या भागात तो साधारण १८.४ सेंटिमीटर उंच आणि १७.६ सेंटिमीटर रुंद असतो. विषुववृत्तावर दोन्ही जवळपास सारखे. उत्तरेला जावे तसा तो अरुंद होतो, आणि ६०° वर रुंदी उंचीच्या निम्म्यावर येते. उंचीची मापे उंचीशीच ताडा.

कर्णाने मोजणे. बिंदूपासून शीटच्या कोपऱ्यावरच्या आकड्यापर्यंत पट्टी धरणारे दरवर्षी चार-पाच तरी भेटतात. माप अक्षवृत्ताला लंबच हवे.

दक्षिण गोलार्ध विसरणे. नाशिक २०° उत्तरेच्या अगदी जवळ आहे, आणि जिथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत त्या मॉरिशसचे पोर्ट लुई २०° १०′ दक्षिणेला. मॉरिशसच्या नकाशात आकडे खाली जाताना वाढतात, तेव्हा वरच्या अक्षवृत्तापासून खाली मोजायचे आणि मिळवायचे. कोणता आकडा मोठा आहे, वरचा की खालचा, एवढे बघितले की ही चूक होत नाही. उत्तरामागे "उत्तर" किंवा "दक्षिण" लिहिले नसेल तर ते उत्तर अपुरे आहे.

लांब अंतरावर सरळ गुणोत्तर लावणे. ५ मिनिटांच्या जागेत ते चालते. शंकू प्रक्षेपणाच्या भिंतीवरच्या नकाशात ४° च्या जागेतही चालते, फक्त माप रेखावृत्ताच्या दिशेने घ्यायचे. मर्केटरवर उत्तरेला मात्र ते दगा देते. नकाशात फक्त ६०° आणि ८०° छापलेले आहेत आणि बिंदू बरोबर मधोमध आहे, तर त्याचा अक्षांश ७०° नाही, ७२.६° आहे. चूक २८० किलोमीटरहून जास्त. अशा वेळी जवळजवळची अक्षवृत्ते असलेला नकाशा शोधा.

## टप्पा ५: अंश-मिनिटे आणि दशांश यांची अदलाबदल

मोबाइलवरचे आकडे बहुधा दशांशात असतात आणि टोपोशीट अंश-मिनिट-सेकंदांत. एकाचे दुसऱ्यात करताना कागदावर दोन ओळी लिहा, तोंडी करू नका.

पुणे १८.५२०४°. टिंबानंतरचा भाग ६० ने गुणा: ०.५२०४ × ६० = ३१.२२. मिनिटे ३१. पुन्हा टिंबानंतरचा भाग ६० ने गुणा: ०.२२ × ६० = १३. उत्तर १८° ३१′ १३″.

उलट दिशेने सिंहगड: २१ ÷ ६० = ०.३५, ५९ ÷ ३६०० = ०.०१६४. बेरीज १८.३६६४°.

तपासा: मिनिटांचा किंवा सेकंदांचा आकडा ६० किंवा त्याहून मोठा आला तर गुणाकार राहून गेला आहे. आणि दशांशात चार आकडे म्हणजे जमिनीवर ११ मीटरची बारकाई. कागदावरून मोजलेल्या उत्तराला त्यापुढचे आकडे जोडू नका.

अक्षांश आधी, रेखांश नंतर, हा क्रम मोडू नका. महाराष्ट्रात पहिला आकडा साधारण १५ ते २२ आणि दुसरा ७२ ते ८१ यांच्या दरम्यान असतो. उलटे झाले असेल तर लगेच डोळ्यात भरते.

## टप्पा ६: रिकाम्या आराखड्यात कर्कवृत्त काढा

परीक्षेत भारताचा आराखडा देतात आणि कर्कवृत्त दाखवायला सांगतात. बहुतेक उत्तरांत पट्टीने मारलेली सरळ रेघ असते. आराखडा शंकू प्रक्षेपणाचा असेल तर हे चूकच.

१. वृत्तजाळी छापलेला भारताचा नकाशा घ्या. तो आणि आराखडा एकाच प्रक्षेपणाचे आहेत ना, हे किनाऱ्याचा आकार एकमेकांवर ठेवून बघा.

२. छापील नकाशावर निदान पाच रेखावृत्ते निवडा, उदाहरणार्थ ७२°, ७६°, ८०°, ८४° आणि ८८°. प्रत्येकावर २०° आणि २४° या दोन अक्षवृत्तांमधले अंतर मोजा. त्याच्या सात-अष्टमांश उंचीवर, २०° पासून वर, खूण करा. कारण २३° ३०′ म्हणजे २०° च्या वर साडेतीन अंश, चारपैकी साडेतीन.

३. खुणा ट्रेसिंग पेपरवर उतरवून आराखड्यावर आणा.

४. त्या खुणा हाताने, एका दमात, गुळगुळीत वक्राने जोडा. रेघ मध्य भारतात सगळ्यात खाली येते आणि कच्छकडे व मिझोरामकडे वर उचलते.

५. रेघेच्या दोन्ही टोकांना, नकाशाच्या चौकटीबाहेर, २३° ३०′ उत्तर लिहा.

आता शहरांवरून ताळा करा. ही यादी पाठ करण्यासारखी आहे, कारण परीक्षेत वृत्तजाळी मिळत नाही. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला: भुज, गांधीनगर, उज्जैन, भोपाळ, जबलपूर, रांची, कोलकाता. उत्तरेला: उदयपूर, आगरताळा, ऐझॉल. भोपाळ आणि रांची रेघेच्या अगदी खाली, लागून हवेत. रेघ गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, त्रिपुरा आणि मिझोराम या आठ राज्यांतून जाते. राजस्थानचा फक्त दक्षिणेकडचा कोपरा तिला लागतो, म्हणून तो राहून जातो.

महाराष्ट्रातून कर्कवृत्त जात नाही. राज्याचे उत्तर टोक २२° च्या जरासे वर संपते आणि तिथून कर्कवृत्त दीडशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. तुमची रेघ सातपुड्याला टेकत असेल तर ती खोडून पुन्हा टप्पा ६ च्या दुसऱ्या पायरीवर या.

२३° ३०′ की २३° २६′, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. शालेय पुस्तकांत सोयीसाठी २३° ३०′ देतात. सध्याचे खरे मूल्य २३° २६′ च्या जवळ आहे आणि पृथ्वीच्या आसाचा कल किंचित कमी होत असल्यामुळे कर्कवृत्त दरवर्षी साधारण १५ मीटर दक्षिणेला सरकते. दोन आकड्यांमधले ४ मिनिटे म्हणजे सव्वासात-साडेसात किलोमीटर. १:१,००,००,००० च्या भारताच्या नकाशावर हा फरक मिलिमीटरहून कमी, तिथे पुस्तकातला आकडा वापरा. १:५०,००० च्या शीटवर तोच फरक १५ सेंटिमीटरच्या जवळ जातो, तिथे २३° ३०′ वर कर्कवृत्त दाखवणे सरळ चूक ठरेल.

## मोबाइल आणि शीट जुळत नाहीत तेव्हा

सगळे नीट करूनही कधी कधी मोबाइलवरचा अक्षांश आणि जुन्या शीटवरून काढलेला अक्षांश यांत तीन-चार सेकंदांचा फरक उरतो. मापात चूक शोधत बसण्याआधी शीट कोणत्या मालिकेची आहे ते बघा. जुन्या शीट एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती नमुन्यावर, बांधलेल्या आहेत. मोबाइल आणि नव्या मालिकेच्या शीट डब्ल्यूजीएस ८४ या नव्या नमुन्यावर चालतात. पृथ्वीचा आकार दोघांनी थोडा वेगळा धरल्यामुळे एकाच दगडाला दोन अक्षांश मिळतात, आणि आपल्या भागात हा फरक जमिनीवर शंभर मीटरच्या घरात जातो. सह्याद्रीच्या कड्यावर शंभर मीटर ही लहान गोष्ट नाही.

पडताळणीसाठी शीटवर आणि जागेवर दोन्हीकडे नक्की ओळखता येईल असा बिंदू घ्या: दोन रस्त्यांचा छेद, जुने देऊळ, पुलाचे टोक. तिथे उभे राहून मोबाइलवरचे वाचन घ्या, शीटवरून टप्पा ४ प्रमाणे अक्षांश काढा आणि फरक लिहा. अशाच आणखी दोन बिंदूंवर करा. तिन्ही ठिकाणी फरक साधारण सारखा आणि एकाच दिशेचा आला तर तो गोलाभाचा. त्या शीटपुरता तो समासात पेन्सिलीने नोंदवा आणि पुढच्या प्रत्येक वाचनात धरा. तिन्ही ठिकाणी फरक वेगवेगळा येत असेल तर टप्पा ४ मधली पट्टी आणि गुण्या पुन्हा हातात घ्या.